वहिनीचा टाका

आमच्या घरात ‘वहिनीचा टाका’ असा एक शब्द आहे. तो दुसऱ्या कुठल्या घरात नसेल, आणि नसलेलाच बरा. कुठे जायचं असलं की आईला निघायची वेळ अर्धा तास आधीची सांगायची, कारण ती कुलूप ओढून बघायला दोनदा परत जाणार. तो अर्धा तास म्हणजे वहिनीचा टाका. पाहुणे आले की चहाला कपभर पाणी जास्त ठेवायचं, कारण ओतताना आई सांडणार. तोही वहिनीचा टाका. थोडक्यात काय, आई चुकणारच हे धरून आधीच करून ठेवलेली भरपाई. बाबा हे म्हणतात, आत्या म्हणते, मीही बोलायला लागल्यापासून म्हणत आले, आणि आई दर वेळी हसते.

वहिनी म्हणजे आई. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, तिला वहिनी म्हणते, आणि शब्दाचा शोधही आत्याचाच. आत्याचा मोज्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचं आपलं, दोन खोल्या, एक मोरी आणि एक गोल विणायचं मशीन. मोजे मात्र साधे नाहीत. ज्यांचा पाय कापावा लागलाय आणि जे कृत्रिम पाय लावून हिंडतात, त्यांना कापून उरलेल्या भागावर आधी एक मोजा चढवावा लागतो. त्याला शिवण चालत नाही, घडी चालत नाही, पीळ तर अजिबात चालत नाही. दिवसभराचं सगळं वजन त्याच्यावर येतं. जरा पिळला की कातडी सोलवटते आणि माणूस महिनाभर घरात बसतो. म्हणून प्रत्येकाच्या मापाचा मोजा वेगळा विणायचा, गोल आणि एकसंध.

हे मशीन आई आणि आत्याने मिळून घेतलं, माझ्या जन्माच्या आगेमागे. गिऱ्हाइकं आत्याची, मशीन आईचं, अशी वाटणी होती. सुयांचं कडं चौकटीवर आईने स्वतःच्या हाताने बसवलं. आणि पहिलीच खेप पिळलेली निघाली. त्यातला एक मोजा एका शाळामास्तरांनी दिवसभर घातला, आणि त्यांच्या पायाला अशी जखम झाली की आत्या त्यांच्या घरी जाऊन हात जोडून आली. आली ती तापूनच. आई म्हणाली, सुया बरोबर आहेत. आत्या म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मग आत्याने प्रोग्राममधला एक आकडा बदलला. ‘सुरुवातीचे जादा टाके’ म्हणून एक जागा असते, तिथे शून्य होतं, ते एक केलं. वहिनींच्या सुया दर फेऱ्याचा पहिला टाका गाळतात ना, मग आपण एक जास्तीचा सांगू. मोजे सरळ निघायला लागले. कडं खोलून परत बसवूया असं कुणीतरी सुचवलं, तर चालत्या गाड्याला खीळ नको म्हणून आत्याने ते उडवून लावलं.

तेव्हापासून आईने मशीनला हात लावलेला नाही. भांडण झालं, अबोला धरला, असलं काही नाही. ती रोज कारखान्यात जाते. खिडकीपाशी टेबल आहे, तिथे बसून धुतलेले मोजे वाळवते, एक घालायला आणि एक धुण्यात अशा एकाच मापाच्या जोड्या लावते, पिशव्यांत भरते. मशीनकडे पाठ करून. तीस वर्षं. नणंद-भावजयींचं इतकं चांगलं जमतं म्हणून लोक आम्हाला नावाजतात.

यंदा दोन गोष्टी एकदम झाल्या. मशीन चालवणारा कॉम्प्युटर धापा टाकायला लागला, आणि आत्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे बारीक काम बंद. आत्याने लगेच विणकामाचा कोर्स केलेली एक मुलगी हेरली आणि सोमवारपासून ये म्हणून सांगायच्या बेतात होती. त्याच सुमारास आईने कपड्यांच्या घड्या घालता घालता मला विचारलं, की मशीन नव्या कॉम्प्युटरवर आलं की चालवायला सोपं होईल का, म्हणजे कुणालाही जमेल का. मी म्हटलं, जमेल की. ‘कुणालाही’ असं ती परत एकदा म्हणाली, स्वतःशीच. मी काही बाळ नाही. आईला ते मशीन चालवायचं होतं. ती मागणार नव्हती आणि आत्या देणार नव्हती, आणि मधल्या मध्ये परकी मुलगी येऊन बसणार होती. माझं डोकं फिरलं. पण डोकं फिरून उपयोग काय, आधी मशीन नव्या कॉम्प्युटरवर चढायला तर हवं.

अडचण कार्डाची होती. जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात एक कार्ड आहे. प्रोग्राम त्याला टाके सांगतो, ते मशीनला सांगतं. हे कार्ड आता कुणी बनवत नाही, आणि बनवलं तरी नव्या कॉम्प्युटरमध्ये ते बसवायला खाच नाही. उपाय एकच. एक फुकटचा, सगळ्या जगाने मिळून लिहिलेला प्रोग्राम आहे, जो नव्या कॉम्प्युटरमध्ये जुन्या कॉम्प्युटरचं हुबेहूब सोंग उभं करतो. आत बसलेल्या जुन्या प्रोग्रामला पत्ताच लागत नाही की आपण खोट्या घरात राहतोय. त्यात शेकडो कार्डांची सोंगं आहेत, पण आमच्या कार्डाचं नव्हतं. ते मी लिहायला घेतलं. मी पोटापाण्यासाठी लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढते, त्यामुळे हे आपल्या हातचा मळ आहे अशी माझी समजूत होती.

कार्डाची माहितीपुस्तिका कुणा जपणाऱ्या माणसाने स्कॅन करून इंटरनेटवर ठेवली होती, तिरकी पानं आणि कोपऱ्यात त्याचा अंगठा. कार्ड फार साधं निघालं. प्रोग्राम विचारतो, तयार आहेस का? कार्ड म्हणतं, आहे. मग घे टाका. कार्ड टाका मशीनकडे धाडतं आणि परत तयार होतं. फेरा सुरू व्हायचा असला की तसा एक वेगळा हुकूम येतो. झालं. पुस्तिका समोर ठेवून मी ते ओळीन् ओळ लिहिलं, तपासण्या लावल्या, सगळ्या पार झाल्या. मशीनची जुनी वायर एका छोट्या डबीमार्फत नव्या कॉम्प्युटरला जोडली आणि पहिला मोजा विणायला लावला.

मोजा पिळलेला निघाला. ओलं फडकं पिळून ठेवावं तसा.

आत्याने तो हातावर चढवून बघितला आणि म्हणाली, की तुझ्या आईचा डावीकडे पिळायचा, तुझा उजवीकडे पिळतोय, घराण्याचं नाव पुढे चाललंय. आई टेबलापाशी हसली. मीही हसले, पण आतून चरफडत.

मग सुरू झाली ती नुसती झटापट. कड्यावर बहात्तर सुया आहेत, म्हणजे एका फेऱ्याला बहात्तर टाके. प्रोग्राम पाठवत होता त्र्याहत्तर. ते ठीकच होतं, त्र्याहत्तरावा म्हणजे वहिनीचा टाका, तो मशीनने गिळायचा असतो. पण मशीन तो गिळत नव्हतं, इमानेइतबारे विणत होतं. मला वाटलं माझं नकली कार्ड कुठलातरी टाका दोनदा पाठवतंय. वायरवर टाके मोजणारं मीटर लावलं. त्र्याहत्तरच जात होते. मला वाटलं मी फार घाई करतेय, मशीनला गिळायला उसंत मिळत नाही. कार्ड मुद्दाम सुस्त केलं. मोजा विणायला दुप्पट वेळ लागला आणि तसाच पिळला. विजेचा दाब बघितला, डबी बदलली, वायर बदलली. आत्या म्हणाली, कपडे पण बदलून बघ. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. कार्डाचंही येत नसावं अशा निष्कर्षाला मी आले होते.

तो आकडा शून्य करून बघावा असं मी एकदा सुचवलं. आत्याने वरच्या वर हाणून पाडलं. त्या आकड्याला हात लावायचा नाही, तो शून्य होता तेव्हा काय झालं ते मास्तरांच्या पायाला विचार. आणि खरं सांगायचं तर मलाही तिचं पटलं. पुस्तिकेवर मी शंका घेतली, माझ्या कोडवर घेतली, डबीवर, वायरवर, विजेवर घेतली. आईवर मात्र माझा पूर्ण भरवसा होता, की ती चुकलेलीच असणार.

शेवटी वैतागून मी एक चोरवाट काढली. मशीन टाका गिळत नाही ना, मग नकली कार्डच गिळेल. फेरा सुरू झाल्यावर येणारा पहिला टाका पुढे पाठवायचाच नाही, ‘पोचला’ म्हणून खोटंच सांगायचं. दोन ओळींचं काम. पुढचा मोजा असा सरळ निघाला की आत्याने तो गालाला लावून बघितला, मग माझ्याही गालाला लावला. मग तिने त्या मुलीला सोमवारी यायचा निरोप दिला. आई उठून आली, मोजा हातात घेऊन आतून-बाहेरून बघितला, छान झालाय म्हणाली आणि त्याच्या जोडीदाराजवळ नेऊन ठेवला. मोजा सरळ आला याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण आईची ती पाठ बघून मला काही सुचेना, आणि का सरळ आला हेही कळेना.

इथे मी गप्प बसले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण हा सोंग आणणारा प्रोग्राम सारखा बदलत असतो. माझं कार्ड मूळ प्रोग्राममध्ये शिरलं नाही, तर दर नव्या आवृत्तीला ते तुटणार आणि मी जन्मभर ठिगळं लावत बसणार. म्हणून मी ते सगळ्यांच्या तपासणीला पाठवलं. तिथे एक तपासणारा आहे. तो कुठला, बाई की बुवा, म्हातारा की तरणा, काही माहीत नाही. मी त्याला खडूस म्हणते. त्याची उत्तरं एक-दोन ओळींची असतात आणि वाचल्यावर पाणी प्यावंसं वाटतं.

खडूसने बाकी सगळं सोडून नेमक्या त्या दोन ओळींवर बोट ठेवलं. पुस्तिकेत हे कुठे लिहिलंय? मी लिहिलं, पुस्तिकेत नाही, पण प्रत्यक्षात पहिला टाका गळतो. त्याने विचारलं, कार्ड गाळतं की मशीन? मी लिहिलं, मशीन. मग मशीनची चूक तुम्ही कार्डात का घालताय, असं त्याने विचारलं. मी कळफलक बडवत अर्धं पान लिहून पाठवलं, की हे मशीन आमच्या घरात तीस वर्षं आहे, त्याचा टाका गळतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्याचं उत्तर आलं: माहीत असणं वेगळं, मोजणं वेगळं. मी कॉम्प्युटर बंद केला आणि घरातली सगळी भांडी आदळत आपटत घासली. बाबा पेपर घेऊन गॅलरीत गेले.

दोन दिवसांनी तिसऱ्याच कुणाचं तरी पत्र आलं. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला कापड कापायचं एक मशीन होतं आणि त्याला नेमकं आमचंच कार्ड होतं. त्या माणसाने आमचं भांडण वाचून, कुणीही न सांगता, माझी तपासणी त्याच्या खऱ्या कार्डावर चालवली होती. एकही टाका गळला नव्हता. खडूसने खाली लिहिलं, तर मग त्या दोन ओळी काढा.

आता मात्र माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. मी बूट घालून बाहेर पडले आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत, जाऊन परत, अशा फेऱ्या मारायला लागले. कार्ड टाका गाळत नाही, हे त्या माणसाने दाखवलं. म्हणजे मशीन गाळतं. पण नकली कार्ड लावल्यावर मशीनने त्र्याहत्तरच्या त्र्याहत्तर टाके विणले, ते मी या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे मशीनही गाळत नाही. मग तीस वर्षं हा टाका जात कुठे होता? कुणीच खात नाही आणि ताटात तर नाही. समोरून भाजी घेऊन येणाऱ्या शेजारणीने काय झालं म्हणून विचारलं, तर मी तिला म्हटलं, कार्डही बरोबर आहे आणि सुयाही बरोबर आहेत. ती बरं म्हणून निघून गेली.

आणि मग मी जागच्या जागी थांबले. मी आत्ता काय म्हणाले? सुयाही बरोबर आहेत. त्या माणसाने तपासलं ते त्याचं कार्ड. आमचं नव्हे. आमचं कार्ड एकटं कुणी कधी तपासलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या डोळे तपासायला गेली होती, तेव्हा मी कारखान्यात गेले. जुना कॉम्प्युटर सुरू केला, वायर डबीतून काढून परत त्याला जोडली, तिचं मशीनकडचं टोक सोडवलं आणि त्या टोकाला मीटर लावलं. मशीनचा आता संबंधच नव्हता. नुसता जुना प्रोग्राम आणि जुनं कार्ड. प्रोग्रामने त्र्याहत्तर पाठवले. टोकाला बहात्तर आले. मी परत केलं, परत बहात्तर. आमचं कार्ड पहिल्या दिवसापासून बिघडलेलं होतं. फेरा सुरू झाला की तयार नसताना ‘तयार आहे’ म्हणायचं आणि पहिला टाका खाऊन टाकायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. आणि संन्यासी तिथेच खिडकीपाशी बसून मोज्यांच्या जोड्या लावत होता.

आईने मागे न बघता विचारलं, काही बिघडलंय का. मी म्हटलं, हो, तीस वर्षांपासून. मग मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि सगळं सांगितलं, कार्ड, टाका, मीटर, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस. सांगताना माझा आवाज चढत गेला. मला वाटलं ती रडेल, निदान हातातलं काम खाली ठेवेल.

‘आई, सुया बरोबर होत्या.’

‘हो,’ ती म्हणाली. ‘बरोबरच होत्या.’

आणि तिने पुढची जोडी लावली. तिला माहीत होतं? माहीत होतं तर एवढी वर्षं हसत काय होती? मी विचारलं, तर ती म्हणाली, वायर नीट बसवून ठेव, वन्सं येतील एवढ्यात. आणि हे त्यांना आत्ता सांगू नकोस, डोळ्यांचं ऑपरेशन आहे, कशाला उगाच मनाला लावून घेतील. मला आईची दया आली आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटलं. मी वायर परत डबीला आणि मशीनला जोडली. मग तिथेच बसून त्या दोन ओळी काढून टाकल्या आणि दुरुस्त केलेलं काम खडूसला पाठवलं. त्याने ‘आता बरोबर’ असे दोन शब्द लिहिले. एवढ्या दिवसांत त्याला पहिल्यांदाच माझं काही पटलं होतं, पण आनंद साजरा करायला मला फुरसत नव्हती. नकली कार्ड आता खरं बोलत होतं, म्हणजे जादाचा टाका गिळणारं कुणी उरलं नव्हतं. तो आकडा शून्य केला नाही तर मोजे पिळणार होते. आत्याला सांगणं भागच होतं, आणि भाग नसतं तरी मी सांगितलंच असतं.

आत्या दुपारी आली ती काळा चष्मा लावून. डोळ्यांत औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या होत्या, तिला सगळं धूसर दिसत होतं. चाचपडत येऊन ती मशीनपाशी आपल्या बाकावर बसली. मी तिला तसंच सांगितलं, आईला सांगितलं त्याच क्रमाने, आवाज न चढवता. आत्याने ऐकून घेतलं नाही. मधेच तोडत राहिली. कार्ड कसं खोटं बोलेल, कार्डाला काय नणंद आहे? मीटर चुकलं असेल. तो दुसरा माणूस कोण, त्याच्यावर कसा विश्वास ठेवायचा? मी म्हटलं, कुणावरच ठेवू नकोस, नवा कॉम्प्युटर चालू आहे, आकडा शून्य कर आणि मोजा काढून बघ. पिळला तर माझं तोंड काळं.

चष्म्यामुळे तिच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते कळेना. मग म्हणाली, मला पडदा दिसत नाहीये, कुणीतरी करा.

मी हात पुढे केला आणि मागे घेतला. आईकडे बघितलं. आई मान खाली घालून बसली होती. मी तिला हाक मारली, दुसऱ्यांदा मारली, तेव्हा ती उठली. हात पुसले, नसलेली धूळ पुसावी तसे. नव्या कॉम्प्युटरपाशी आली, ती जागा शोधली, एक खोडला आणि शून्य लिहिलं. मग लगेच दोन पावलं मागे सरकली. मशीन मी सुरू केलं. कडं फिरायला लागलं, दोरा आत जायला लागला, आणि आम्ही तिघी त्या आवाजात थांबलो. मोजा खाली उतरला तेव्हा आईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो मी काढून आत्याच्या हातात दिला.

आत्याने चष्मा काढला, पण डोळ्यांचा उपयोग नव्हता. तिने मोजा मनगटावरून कोपरापर्यंत चढवला आणि दुसऱ्या हाताचं बोट वरून खाली नेलं. टाक्यांची एक रांग धरून, अगदी सावकाश. बोट सरळ खाली आलं. तिने परत वर नेलं, परत खाली आणलं.

आमच्याकडे माफी मागायची पद्धत नाही. आत्या म्हणाली, ‘तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत, वहिनी.’

‘बोलले होते. सुया बरोबर आहेत म्हणाले होते.’

‘एकदाच म्हणालात.’

‘तुम्हाला ऐकू आलं होतं, वन्सं.’

ती हे रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. दूध आणायचं राहिलंय, असं सांगावं तशा आवाजात म्हणाली. आत्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते औषधाचं होतं की कसलं, मला माहीत नाही, आणि तिने पुसलंही नाही. मला दोघींचाही राग आला. एकीने विचारलं नाही आणि दुसरीने परत सांगितलं नाही, आणि मी मात्र बोलायला लागल्यापासून हसत होते.

मोजा तसाच हातावर ठेवून आत्या मला म्हणाली, त्या मुलीला सोमवारी येऊ नको म्हणून कळव. मशीनवर वहिनी बसतील. मग ती बाकावर एका बाजूला सरकली आणि शेजारची जागा हाताने थोपटली.

आई म्हणाली, ‘मला नाही येत आता. विसरले मी.’

एवढं सगळं उलगडून हातात काय आलं, तर हे. आत्याचाही चेहरा उतरला. पण ती हटणारी बाई नाही. विसरला असाल तर शिकवते, म्हणाली. आई म्हणाली, तुम्हाला दिसत नाहीये. आत्या म्हणाली, या मशीनला मला डोळे लागत नाहीत, या, बसा.

आई बसली. बाकाच्या अगदी कडेला, पाहुणी बसते तशी. मशीनच्या अंगाला दोन खटके आहेत, एक दोरा सोडायचा आणि एक कडं मोकळं करायचा. सुरू करताना आधी दोरा सोडायचा असतो, नाहीतर तो तटकन तुटतो. आत्याने आईचा हात आपल्या हातात घेतला, चाचपडत पुढे नेला आणि खटक्यावर ठेवला. हा आधी ओढायचा, म्हणाली. तो कड्याचा होता. मी सांगायला तोंड उघडलं, पण आईने माझ्याकडे बघून मान हलवली. तिने हात अलगद उचलून शेजारच्या खटक्यावर नेला, तो ओढला, मग हा ओढला, आणि मशीन सुरू झालं.

आत्या कान देऊन ऐकत होती. म्हणाली, ‘बघा, जमलं की नाही?’

‘हो वन्सं,’ आई म्हणाली. ‘तुम्ही सांगितलंत म्हणून.’